घाबरलेल्या माणसाला भेटायला जाताना

नाशिक शहर, पंचवटी, गंगापूर रोड व आसपासच्या परिसरातील समस्त नागरिक, नातेवाईक, गिऱ्हाईक आणि विशेषतः माझ्या धाकट्या नणंदबाई यांना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, खाली सही करणारी बाई वेडी नाही, वेडी नव्हती आणि नजीकच्या काळात वेडी होण्याचा तिचा कोणताही विचार नाही. ती दर मंगळवारी दुपारी गंगापूर रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जात असे, हे खरे आहे. तेथे ती अनोळखी माणसांसोबत गोल बसून रडत असे, हेही खरे आहे. त्यास गटोपचार म्हणतात. सबब कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये. ज्यांची हरकत असेल त्यांनी आमच्या दुकानात येऊन ती नोंदवावी. येताना खिडकीचे माप आणावे.

सही मात्र खाली सापडणार नाही. नावं बाहेर न्यायची नाहीत असा तिथला नियम होता आणि मी तो एकदा मोडून चांगली तोंडावर आपटले आहे. त्याचीच ही गोष्ट. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्यांची अट एकच होती: "बाकी काय बी बदला, मिशी हाय तेवढीच लिहा."

आमचं पडद्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घ्यायचं काम माझं. मी स्टुलावर चढून टेप धरते, नवरा खाली उभा राहून आकडे लिहितो. संसाराची हीच पद्धत आम्ही घरीही ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये मी स्टुलावर चढले, खिडकीवरच्या पेल्मेटच्या फळीपर्यंत हात नेला आणि छातीत कोणीतरी ढोल बडवायला घेतला. तळवे गार, बोटांना मुंग्या, कानात शिटी. तरुणपणी मी हौशी नाटकांत कामं केली आहेत, रंगमंचावर बऱ्याचदा मेले आहे, आणि मरताना प्रेक्षकांकडे तोंड ठेवायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "अहो, मी चालले."

नवरा वहीतून मान न काढता म्हणाला, "उंची सांगून जा."

नंतर त्याची जी धावपळ उडाली ती मी इथे लिहीत नाही, कारण त्याने तशी विनंती केली आहे. हृदयाच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदय उत्तम निघालं. ते पुन्हा धडधडलं, पुन्हा तपासलं, पुन्हा उत्तम. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुम्हाला भीतीचा झटका येतो. त्यासाठी दुसरीकडे जा." आणि त्यांनी मला त्या दुसऱ्या मजल्यावर पाठवलं.

घरी मी ही बातमी शक्य तितक्या नाट्यमय पद्धतीने सांगितली. "तिथे औषध नाही," मी म्हणाले, "नुसतं बोलायचं. बोलून बरं करतात."

नवऱ्याने पोळीचा घास तसाच हातात धरला. "बोलून बरं होत असतं, तर तू आजारी पडलीच कशी?"

ती इमारत म्हणजे माणसाच्या दुखण्यांचा जिनाच होता. तळाला चहावाला आणि औषधांचं दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर आम्ही. जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं की आम्ही सगळे गालावर हात ठेवून चढायचो. दात किडणं हे केवढं अब्रूदार दुखणं आहे, हे मला तिथे कळलं.

आमच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान आणि आवाजाने त्याहून लहान. खुर्च्या गोल मांडलेल्या. गटात सहा-सात जण होते, पण आमच्या या पराक्रमात जे सामील झाले तेवढ्यांचीच ओळख करून देते. एक निवृत्त गणिताचे सर. त्यांना बंद खोलीची भीती, म्हणून ते कायम दाराला चिकटून बसत आणि दार इंचभर उघडं ठेवत. दुसरा सुरगाण्याकडे जीप चालवणारा तरुण. घाट लागला की त्याचे हातपाय गार पडत. जीपमधल्या प्रवाशांना हे माहीत नव्हतं, म्हणून ते निवांत झोपायचे. आणि तिसरे फुलवाले दादा.

फुलवाले दादा म्हणजे सहा फुटी माणूस. मखमलाबादकडे मळा, त्यात झेंडू, शेवंती, गुलछडी. मिशी अशी, की तिला वेगळी खुर्ची द्यावी असं पहिल्या दिवशी मला वाटलं. ते आत आले की खोलीत शेवंतीचा वास यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऐन गर्दीत, फुलबाजारात त्यांना झटका आला. भरलेले क्रेट तिथेच टाकून ते पळत सुटले ते नदीवर जाऊन थांबले. तेव्हापासून बाजारात पाय ठेवला नव्हता. माल घेऊन त्यांची बायको जायची, सोबत तिचा भाऊ.

पहिल्याच बैठकीत सरांनी हात वर केला. "मॅडम, हा उपचार किती टक्के परिणामकारक आहे?"

"बऱ्याच लोकांना फायदा होतो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना होत नाही. तुम्हाला होईल का, ते मी आज सांगू शकत नाही."

"म्हणजे पेपर झाल्याशिवाय मार्क नाहीत."

"तसं म्हणा."

"आणि साइड इफेक्ट?"

आम्ही हसलो. नुसत्या बोलण्याला कसला आलाय साइड इफेक्ट! बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आहेत ना. आतलं बोललं की काही दिवस जास्तच जड वाटू शकतं. दुसऱ्याचं ऐकून आपलं ढवळून निघतं. कोणी चांगल्या हेतूने बोलतो आणि समोरचा दुखावतो. एखाद्याला मधूनच सोडून जावंसं वाटतं. तसं काही वाटलं तर आधी मला सांगा. आणि इथलं बाहेर गेलं, तर नुकसान होऊ शकतं. म्हणून नियम आहेत."

नियम सोपे होते. इथलं इथेच ठेवायचं. बाहेर भेट झाली तर ओळख दाखवायची की नाही ते समोरच्याला ठरवू द्यायचं. आणि न मागता सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम ऐकून गटात पहिल्यांदाच खरी भीती पसरली. नाशिकमध्ये राहायचं आणि न मागता सल्ला द्यायचा नाही! फुलवाले दादांनी "छातीत धडधडतं" एवढंच म्हटलं, तर सरांच्या तोंडून "ओवा"चा "ओ" बाहेर पडलाच. बाईंनी नुसतं बघितलं. सरांनी "वा" गिळला.

मंगळवार ठरावीकच होते. दोन महिन्यांत सगळं आटपणार. मी विचारलं, "एवढ्यात काय होणार?" तर बाई म्हणाल्या, "संपणार आहे हे माहीत असलं, की माणूस कामाला लागतो." आणि लागलो की आम्ही! माझ्यापुरतं सांगते. ज्या दुखण्याबद्दल मला वाटत होतं की असलं जगात फक्त मलाच आहे, ते समोरच्या सहा फुटी मिशीलाही आहे हे पाहून मला जो आनंद झाला, तो सभ्य माणसाने लिहू नये असा होता. श्वास सावकाश सोडायला शिकलो. पाय जमिनीवर टेकलेत याकडे लक्ष द्यायला शिकलो. धडधड आली तर तिच्याशी मारामारी न करता तिला येऊ द्यायची, जाऊ द्यायची. जीपवाला म्हणायचा, "मी तर मनात न्यूट्रलला टाकतो. ब्रेक नाय मारायचा, गेर नाय टाकायचा." बाईंना ते आवडलं आणि मग गटात कोणाचाही श्वास चढला की बाकीचे "न्यूट्रल, न्यूट्रल" म्हणू लागले. बाहेरून ऐकणाऱ्याला इथे ड्रायव्हिंग स्कूल आहे असं वाटलं असेल.

मग अवघड भाग आला. ज्या जागेची भीती, तिथे जाऊन थोडा वेळ थांबून यायचं. मी दुकानातल्या स्टुलाच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले, आणि नवऱ्याने शिट्टी वाजवली. सर घरच्या न्हाणीघरात दार लावून बसले. फुलवाले दादांनी ठरवलं, फुलबाजाराच्या कडेला एक चहा संपेपर्यंत उभं राहायचं. जाताना जिन्यात, जीपवाला मागेच असताना, ते मला म्हणाले, "ताई, ह्या मंगळवारांत जर बाजारात उभं ऱ्हाता आलं नाय ना, तर मी मळा वाट्यानं देऊन टाकतो. फुलं पिकवायची अन् विकायला तोंड नाय, असला शेतकरी काय कामाचा?"

मी म्हणाले, "असं काही बोलू नका." हा सल्लाच होता, पण जिन्यात नियम लागू नाही असं मी धरून चालले.

पुढच्या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझं त्यांच्याशी फोनवर बोलणं झालंय. ते सुखरूप आहेत, आज यावंसं वाटलं नाही. एवढंच सांगायची त्यांनी परवानगी दिलीय. तुम्ही काही करायची गरज नाही."

शेवटचं वाक्य आम्हाला नीट ऐकू आलं. पण बैठक संपल्यावर खाली चहावाल्याकडे आम्ही तिघं उभे राहिलो, मी, सर आणि जीपवाला, आणि त्या वाक्याची धार दर घोटाला कमी होत गेली.

"बाजारात काहीतरी झालं असणार," सर म्हणाले. "आता ते येत नाहीत. एकदा माणूस गळाला की गळाला. वर्गात बघितलंय मी."

"मळा देऊन टाकणार म्हनले होते," जीपवाला म्हणाला.

"भेटून यायला पाहिजे," मी म्हणाले.

बघा, आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जातात. पाय मोडला, जा. पोटाचं ऑपरेशन झालं, जा. आजारी माणसाचा नुकता डोळा लागला असेल तर हलवून उठवा आणि झोप लागते का विचारा. मग आपल्या ओळखीत याच दुखण्याने कोण कोण गेलं ते सांगा. त्याच्या बायकोला चहा करायला लावा आणि "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघा. न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. आमच्या तिघांच्याही हाडात हे इतकं मुरलेलं होतं, की आपण नियम मोडतोय असं कोणालाच वाटलं नाही. उलट बाईंना ही रीत माहीत नसावी, बिचाऱ्या शिकलेल्या आहेत, असंच आम्हाला वाटलं.

त्या पुढच्या मंगळवारी आम्ही आपणहून सगळं कबूल केलं, तेव्हा बाई काय म्हणाल्या ते आत्ताच सांगून टाकते, नंतर मला थांबता येणार नाही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जाण्याआधी कोणी त्यांना विचारलं होतं का?" कोणीच विचारलं नव्हतं. सुरक्षितता म्हणजे काय, यावर मी पुढे जे काही वाचलं त्यात या प्रश्नापेक्षा जास्त काही सापडलं नाही.

पण तो मंगळवार यायचा होता. त्याआधी गुरुवार आला.

आम्ही जीपने निघालो. सर मागे, फळकुट उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसले. मी पुढे. बरोबर काय न्यायचं यावर वाद झाला होता. फुलवाल्याकडे फुलं नेणं बावळटपणाचं, फळं सगळेच नेतात, शेवटी सरांनी चांगला किलोभर चिवडा घेतला, कुरकुरीत, शेंगदाणे जास्त घातलेला. मी ग्लुकोजची बिस्किटं घेतली. पत्ता माहीत नव्हता, पण पत्त्याची गरजच पडली नाही. कालव्याजवळच्या टपरीवर मी दोन बोटं ओठांवर ठेवून कानांपर्यंत नेली आणि टपरीवाला म्हणाला, "सरळ जावा, डाव्या हाताला झेंडू दिसंल."

अंगणात एक बाई खाली बसून गुलछडीच्या जुड्या बांधत होती. अंग बारीक, हात भराभर चाललेले. शेजारी मोटरसायकलवर आडवा बसून एक तरुण शेंगा खात होता. तो तिचा भाऊ असणार हे नाकावरून कळत होतं. आणि मागे ओसरीवर, खांबाआड, फुलवाले दादा. आम्हाला बघून त्यांच्या मिशीचं डावं टोक खाली आलं. ते कधी खाली येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

"कोन पायजे?" बाईने विचारलं.

सर पुढे झाले. "यांना भेटायला आलोय. तब्येत कशी आहे आता?"

"तब्येतीला काय झालंय?"

"नाही, मंगळवारी आले नाहीत ना, म्हणून..."

बाईचे हात थांबले. "म्हंजी तुमी दातवाले?"

 मोटरसायकलवरचा भाऊ शेंगेचं टरफल टाकत म्हणाला, "दाजी दर मंगळवारी गंगापूर रोडला दाताच्या डॉक्टरकडं जातेत. महिना झाला. रूट कॅनल चाललंय का नदीजोड, काय कळंना."

मी खांबाकडे बघितलं. फुलवाले दादांनी अगदी बारीक मान हलवली. त्या हलण्यात सगळं होतं: घरी माहीत नाही, सांगू नका, मारू नका. आणि मग, वाचकहो, इतक्या वर्षांनी मला पुन्हा रंगमंच मिळाला.

"दातवालेच!" मी पदर खोचून म्हणाले. "आम्ही सगळे एकाच खुर्चीचे पेशंट. मंगळवारची बॅच! तोंड उघडं ठेवून तासन् तास शेजारी शेजारी बसायचं म्हटलं की जीव लागतोच हो."

"माझी दाढ," जीपवाल्याने लगेच गाल धरला. एक नव्हे, दोन्ही.

"आणि माझी," सर म्हणाले, "अक्कलदाढ."

भावाने सरांच्या तोंडाकडे नीट बघितलं. "बाबा, तुमची तर कवळी हाय."

"म्हणूनच तर," सर गंभीरपणे म्हणाले, "केस गुंतागुंतीची आहे."

हा क्षण सावरता आला असता. पण सरांनी घाबरून जे हातात होतं ते पुढे केलं, आणि जे हातात होतं तो चिवडा होता. बाईने पुडी उघडली, शेंगदाणे बघितले, आणि वर बघितलं.

"दाताच्या मान्साला चिवडा? यान्ला तर चावायचं बंद हाय. महिनाभर मऊ भात खातंय मानूस. मी रोज वरन गाळून देते."

फुलवाले दादा खांबाला जरा जास्तच टेकले. महिनाभर गाळलेलं वरण खाऊन हा माणूस मंगळवारी आमच्यासमोर इतका केविलवाणा का दिसायचा, याचं एक कारण मला तेव्हा कळलं. सगळंच काही मनाचं नव्हतं.

भाऊ मोटरसायकलवरून उतरला. त्याने आता माझ्याकडे बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, मग डोक्यापासून पायापर्यंत. त्या दिवशी मी जरा बरी साडी नेसले होते आणि लिपस्टिक लावली होती. घरी आजाऱ्याला भेटायला जातानाही मी लावते, आजाऱ्याला बरं वाटतं.

"अन् या बाई कोन?" तो म्हणाला. "ताई, मी तुला म्हनलो नव्हतो? दर मंगळवारी इस्तरीचा शर्ट. मिशीला तेल. दाताला दाखवाया जानारा मानूस मिशीला तेल लावतो का?"

मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? पन्नाशी उलटल्यावर, गुडघ्याला पट्टा बांधून फिरणाऱ्या बाईवर असा संशय घेतला जावा, हा मला आयुष्यातला एक मोठा बहुमान वाटला. मी नकळत ताठ झाले. केस सारखे केले. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पण मग मी त्या बाईकडे बघितलं आणि माझं नाटक आपोआप संपलं. ती भांडायच्या तयारीत नव्हती. तिच्या हातातली गुलछडीची जुडी सुटून मांडीवर पसरली होती आणि ती फुलं उचलत नव्हती. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "काय हाय ते एकदाचं सांगा. काय बी असू द्या, पन सांगा."

आणि फुलवाले दादांचा श्वास चढला.

आम्ही तो ओळखला. बाहेरच्याला कळलं नसतं. सहा फुटी माणूस खांबाला धरून उभा आहे एवढंच दिसलं असतं. पण आम्हाला खांद्यांवरून कळलं, बोटं आवळली त्यावरून कळलं, आणि डोळे मळ्याच्या वाटेकडे गेले त्यावरून कळलं की आता हे पळणार. एकदा बाजारातून पळाले, आता घरातून पळणार. आणि घरातून पळाले की परत कुठल्या खुर्चीवर येऊन बसणार नाहीत.

कोणी काही ठरवलं नाही. सर खाली ओसरीच्या पायरीवर बसले आणि आपला श्वास मोठ्याने, सावकाश सोडू लागले. कवळी थोडी वाजत होती. जीपवाला दोन पावलं अलीकडेच थांबला. "दादा, न्यूट्रल," तो हळूच म्हणाला. "नुसतं न्यूट्रल. आम्ही हाय." आणि मी, जिचा नवरा म्हणतो की हिला गप्प बसवायला भूल द्यावी लागेल, ती मी काही बोलले नाही. फक्त माझे पाय जमिनीवर दाबून उभी राहिले, त्यांना दिसतील असे.

भाऊ म्हणाला, "ह्ये काय चाललंय?"

"थांब," त्याची बहीण म्हणाली.

दादांच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले. मिशी थरथरत होती. ते वाटेकडे बघत होते आणि जात नव्हते. बराच वेळ तसा गेला. मग खांद्यांचा ताण एकदम नाही, पायरी पायरीने उतरावा तसा उतरला. एक लांब श्वास सुटला. ते खांबाजवळच होते. कोणाचाही हात न धरता, स्वतःच्या पायांवर, त्याच जागी.

मी टाळ्या वाजवणार होते. सरांनी माझ्याकडे बघितलं म्हणून वाजवल्या नाहीत.

"दात ठनठनीत हायेत माझे," ते बायकोला म्हणाले. आवाज घोगरा होता. "मला भ्या वाटतं. दसऱ्याला पळालो त्ये तुला सांगितलं तसं उन्हानं नाय, भ्यानं पळालो. ग्येल्या शनिवारी परत जाऊन बघितलं, चहा हातात घेतला अन् परत पळालो. म्हनून मंगळवारी गेलो नाय, लाज वाटली. ही मानसं दातवाली नायत. आम्ही मंगळवारी गोल बसून एकमेकाला भ्या कसं वाटतं ते सांगतो. डॉक्टरीनबाई हाय तिथं. रडतो बी."

"रडता?" भाऊ म्हणाला.

"रडतो."

भावाने मोटरसायकलच्या आरशात बघायला सुरुवात केली. आरशात काही नव्हतं. "च्यायला," तो आरशालाच म्हणाला, "मी उगंच दाजीवर..." आणि मला हात जोडून म्हणाला, "मावशी, माफ करा." मावशी! बहुमान आला तसा गेला.

आम्ही सगळे आता बाईकडे बघत होतो. मी मनात भाषण तयार करत होते: भीती हा आजार आहे, त्यात लाज कसली, उपचार थोड्या दिवसांचाच आहे, पुष्कळांना गुण येतो. छान तीन-चार वाक्यं जुळली होती. दादांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो तोंडावरच ठेवला. त्यांना बायकोचं एक वाक्य हवं होतं. त्या वाक्यावर पुढच्या मंगळवारची खुर्ची होती, बाजार होता, मळा होता. हे आम्हाला तिघांनाही कळत होतं आणि त्या वेळी आमच्या हातात चिवड्याशिवाय काही नव्हतं.

तिने मांडीवर पसरलेली गुलछडी गोळा केली. दोरा गुंडाळला, दातांनी तोडला. जुडी बाजूला ठेवली. मग तिने आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं, सरांकडे, जीपवाल्याकडे, माझ्याकडे, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याकडे. डोळे भरले होते, पण आवाज अंगणाच्या पार पलीकडे, झेंडूच्या वाफ्यांपर्यंत गेला:

"अन् मला भ्या वाटत नाय व्हय? तुमच्या जागी रोज त्या बाजारात मी उभी ऱ्हाते, मी काय कमी घाबरते? मला कुनी आलं का चिवडा घेऊन भेटाया?"